दोन चुलींचा लॅपटॉप

बालाघाटला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, तांदळाच्या आडतीतल्या पोत्यांचा वास जिथं विरत जातो तिथं, महागू भेंडारकरांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. भिंतीवर अनोळखी नवरानवरींचे फोटो, कोपऱ्यात उभे केलेले लाइटचे स्टँड आणि मधोमध एक टेबल. त्या टेबलाशी त्यांची मुलगी समीक्षा दिवसभर दुसऱ्यांची लग्नं कापत आणि जोडत बसलेली असते. महागू हे काम कॅसेटच्या काळापासून करतात. कितीतरी घरांतलं रडणं, रुसणं, चोरून खाल्लेले लाडू त्यांनी पाहिलेले आहेत, पण त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांचा धड एक फोटो नाही. सगळ्यांना बघणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. बोलणं कमी. चालणं पायांचा आवाज न होऊ देता. आणि कितीही गर्दी असली तरी नेमकं तिथं उभं राहणं, जिथून माणसांची तोंडं दिसतात आणि आपण कुणाच्या नजरेत येत नाही.

त्यांची एक रीत आहे, आणि त्यांना ओळखायचं तर त्या रीतीवरूनच ओळखावं लागतं.

त्या भागातल्या पुष्कळ शेतकरी घरांत नवरदेवाची आई वरातीबरोबर जात नाही. वरात निघते, बँडचा आवाज वळणाआड जातो, आणि वरमाय ओसरीवर मागे राहते. ज्या पोराच्या अंगाला तिनं हळद लावलेली असते, त्याच्या डोक्यावर अक्षता पडताना ती तिथं नसते. महागूंच्या आईनंही त्यांचं लग्न पाहिलं नव्हतं. फोटो धुऊन आले तेव्हा ती ते हातात धरून बराच वेळ बसली, आणि शेवटी एवढंच म्हणाली की याच्यात कोणी हलत नाही.

पुढं त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात किरनापूरकडच्या एका वरमायनं त्यांची बाही धरली आणि, मले दाखवा, म्हणाली. गावात टीव्ही नव्हता. महागूंनी कॅसेट मागं फिरवली आणि कॅमेऱ्याच्या छोट्या भिंगाला तिचा डोळा लावून दिला. आत नखाएवढं चित्र, तेही काळंपांढरं. ती दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवून कॅसेट संपेपर्यंत उभी होती. डोळा काढला तेव्हा त्याच्याभोवती रबराचा गोल वळ उठला होता, आणि त्या वळाच्या आत ती हसत होती.

तेव्हापासून वरात परतायच्या आधीच महागू मोटारसायकलीला लाथ मारतात. सगळ्यांच्या पुढं येऊन वरमायला तिच्या अंगणात लग्न दाखवतात. लॅपटॉप आल्यावर तर चित्र रंगीत झालं, मोठं झालं. सून दारात यायच्या आधी सासूनं तिला एकदा हसताना, एकदा भ्यालेली, एकदा पोटभर जेवताना पाहिलेली असावी, असं त्यांना वाटतं. म्हणून ते लग्न लागल्यावर प्रत्येक नवरीला बाजूला घेऊन सांगतात, सासूबाईसाठी एक शब्द बोल. तो शब्द वरमायच्या फिल्मच्या अगदी शेवटी असतो. कुणी नुसतं नमस्कार म्हणते. एक जण म्हणाली होती, मला वांगं आवडत नाही. त्या घरात अजून ते सांगून हसतात.

यंदा ऐन लगनसराईच्या तोंडावर जुना लॅपटॉप गेला. बॅटरी फुगून त्याचं पोट वर आलं आणि मग तो उघडेचना. नवा घेणं भाग होतं. दोन घेण्याची ऐपत नव्हती, आणि बाप-लेकीची गरज दोन तऱ्हेची होती.

समीक्षाला पाहिजे होता वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. ड्रोननं काढलेलं शूटिंग फार जड असतं. जुन्या मशीनवर ते अडखळत, थांबत, मान टाकत चालायचं. गोंदियाचे शूटिंगवाले आठवड्यात फिल्म हातात देतात आणि आपण महिनाभर लोकांना तारखा देतो, असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. महागूंना पाहिजे होती बॅटरी. त्यांचं म्हणणं इतकंच, की मी ज्या अंगणात बसतो तिथं लाइन असेलच असं नाही. बैहर ओलांडून बिरश्याच्या जंगलाकडं गेलं की वाऱ्याच्या एका सपाट्यात खांब आडवे होतात. तिथं वरमायला अर्धं लग्न दाखवून मी काय सांगू.

समीक्षानं त्यांना समजावून सांगितलं. पडद्यावर चित्र उमटवणारा एक भाग मशीनमध्ये असतो. काही मशीनमध्ये तो प्रोसेसरच्या पोटातच असतो, त्याच्याच ताटातलं खातो. जड काम त्याच्याच्यानं होत नाही, पण बॅटरी दिवसभर पुरते. काहींत तो वेगळा असतो. त्याची मेमरी वेगळी, त्याचा पंखा वेगळा. कसलंही काम ओढतो, पण बॅटरी बघता बघता पिऊन टाकतो.

महागूंनी थोडा विचार केला. "म्हणजे एक एकत्रातलं घर, अन् दुसऱ्यानं वेगळी चूल मांडली."

"हौ बाबा, बस वही. अन् वेगळ्या चुलीले लाकडंबी वेगळे लागतेत."

त्या दिवसापासून दुकानात हीच भाषा चालू झाली. एका चुलीचा घ्यायचा की दोन चुलींचा. समीक्षाची आई म्हणाली, तुम्ही दोघं मशीन घेऊन राह्यले की वाटणी करून राह्यले. आठवडाभर कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण जेवताना दोघंही आपापल्या ताटाकडं बघत होते. महागूंच्या मनात दुसरंच चाललं होतं. हे दुकान आता आपल्या मागून चालणारं नाही, हिच्या पुढून चालणार आहे. ज्या मशीनवर हिला पुढची वर्षं काढायची तिच्यात आपण आपली म्हातारी हौस कशाला अडकवावी. आणि समीक्षाच्या मनात काय चाललं होतं ते दुलीचंदच्या लॅपटॉपच्या दुकानात कळलं.

दुलीचंदनं दोन मशीन समोर ठेवल्या. एक पातळ, हलकी, शाळेच्या पाटीसारखी. दुसरी जाड, दोन चुलींची, जिच्या पाठीला पंख्याची जाळी होती. समीक्षा जाड मशीनकडं बघत होती, आणि बघता बघता म्हणाली, "भैया, ये पतला वाला पॅक कर दो." त्याच वेळी महागूंनी जाड मशीनवर हात ठेवला होता.

दुलीचंद दोघांकडं बघून हसला. म्हणाला, भेंडारकरजी, गिऱ्हाईक दोन चीजांसाठी भांडताना पाहिले, एकमेकाची चीज घेण्यासाठी भांडताना पहिल्यांदा पाहून राह्यलो. महागूंनी जाड मशीनवरचा हात उचलला नाही, इतकंच. शेवटी तीच घरी आली.

समीक्षानं मग बापासाठी उपाय शोधला. त्या मशीनमध्ये दोन्ही चुली होत्या. कार्ड लागत नसेल तेव्हा त्याला निजवता येत होतं. फक्त त्यासाठी मशीन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी लागायची. कार्ड निजलं, पडद्याचा उजेड कमी ठेवला, की बॅटरी महागूंच्या कामापुरती सहज टिकत होती. उजेड कमी करायच्या बटनावर तिनं आईच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली. शिवाय वरमायसाठी ती प्रत्येक लग्नाची एक हलकी प्रत वेगळी काढायची. दिसायला तीच फिल्म, वजनाला कमी. महागूंना तिनं सगळं दोनदा करून दाखवलं. ते मान हलवत होते. मनातून त्यांना ती हलकी प्रत, ते निजवलेलं कार्ड, तो मंद उजेड काही पटत नव्हतं. वरमायला उरलंसुरलं वाढल्यासारखं त्यांना वाटत होतं.

मे महिन्यात रजतचं लग्न आलं. रजत मलाजखंडच्या खाणीत ठेकेदाराकडं डंपर चालवतो. त्याचे वडीलही खाणीत होते. ते वारल्यावर आई गोदाबाई आणि तो बिरश्याजवळच्या गावी, काकांच्या घराला लागून राहतात. मुलगी आमगावकडची, अपेक्षा. लग्न संध्याकाळी लागलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि महागू सवयीप्रमाणं तिला मांडवाच्या कडेला घेऊन गेले. सासूबाईसाठी एक शब्द, असं त्यांनी म्हटलं.

तिनं पुसलं, आई मले ओवाळाले दारात येतीन का. महागूंना माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. गोदाबाईंनी ते काम जावेला, गीताला, सांगितलं होतं. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं, की आपल्या कपाळाला कुंकू नाही, शुभाच्या वेळी आपण आतल्या खोलीत बसावं. अपेक्षा थोडा वेळ हातातल्या चुड्याकडं बघत राहिली. मग कॅमेऱ्यात बघून तिला जे बोलायचं ते ती बोलली. बोलून झाल्यावर महागूंना म्हणाली, "काका, तुम्ही सांगू नका त्याइले. मलेच सांगू द्या."

महागूंनी हौ म्हटलं. त्यांच्या हयातीत त्यांनी पुष्कळ नवरींचे शब्द वाहून नेले होते, पण कॅमेरा इतका जड त्यांना कधी लागला नव्हता. हा शब्द सून दारात यायच्या आधी पोचला पाहिजे. नाही पोचला, तर पोरगी साऱ्या गावासमोर उन्हात उभी राहील आणि आत बसलेल्या बाईला कळणारही नाही की ती कुणासाठी उभी आहे.

समीक्षानं जानोशात, वरातीच्या मुक्कामाच्या जागीच, फिल्म जोडली, हलकी प्रत काढली, मशीनची बॅटरी भरून दिली, कार्ड निजवलं. सकाळी बॅग बापाच्या पाठीला अडकवताना तिनं पुन्हा सांगितलं, बाबा, काही बदलू नका. स्वतः ती वरातीबरोबर मागून येणार होती.

बैहरच्या घाटात रस्त्यावर फांद्या पडलेल्या होत्या. रात्री वारा सुटला होता. महागू पोचले तेव्हा गावात लाइन नव्हती, मोबाइलचा टॉवर बंद होता, आणि मांडववाला आपलं जनरेटर दुसऱ्या लग्नाला घेऊन गेला होता. गाड्या सगळ्या वरातीत. घरी बायका आणि चुली.

गोदाबाई अंगणात मांडवाखाली बसल्या होत्या. धुतलेलं फिकं लुगडं, गळ्यात काही नाही, पायांवर कालच्या हळदीचे पिवळे डाग. महागू आले तशा त्या उठल्या, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन व्हायच्या आतच खाट झाडून घेतली. लॅपटॉप ठेवायला तांब्याची परात उपडी घातली, तिच्यावर नवं कापड घातलं. त्या कापडाकडं बघून महागूंचं मन भरून आलं, आणि तिथंच त्यांच्या हातून चूक झाली. ज्या बाईनं मशीनखाली नवं कापड घातलं तिला हलकी प्रत दाखवायची? त्यांनी मशीन उघडली, समीक्षानं दाखवलं होतं तिथं जाऊन कार्ड जागं केलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, टिकलीच्या पलीकडचं बटन दाबत उजेड पार वरपर्यंत नेला, आणि मोठी प्रत लावली. अंगणातल्या लख्ख उन्हातही रजतचा फेटा असा पेटला की गोदाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

वरमायला लग्न बघताना बघणं हे महागूंचं खरं लग्न असतं. बायका आधी पोराकडं बघतात, मग त्याच्या कपड्यांकडं, आणि खूप वेळानं नवरीकडं. गोदाबाईंनी तर रजत घोड्यावरून उतरतो तेवढं तीनदा मागं न्यायला लावलं. पायात चप्पल नीट अडकली नव्हती म्हणे त्याच्या. मग एक पाहुणा नाचताना दिसला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा नाचून राह्यला का? पाठ दुखते म्हणून धानाच्या रोवण्याले आला नवता."

मशीनची पाठ घूं घूं करायला लागली होती. गोदाबाईंनी परातीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या की हिले ताप आला. महागू हसले. मग त्यांची नजर खाली कोपऱ्यात गेली. बॅटरीचा आकडा लाल झाला होता. पडद्यावर अजून अंतरपाटसुद्धा धरला गेला नव्हता.

समीक्षाचे शब्द, ती लाल टिकली, दोन वेळा करून दाखवलेलं सगळं त्यांना एकदम आठवलं. दुसरी चूल त्यांनी आपल्या हातानं पेटवली होती, तीही भर उन्हात. फोन लावून पाहिला, टॉवर नव्हता. त्यांनी फिल्म थांबवली आणि गोदाबाईंना सांगितलं की मशीन आता फार चालणार नाही. आपण शेवट पाहून घेऊ, शेवटी तुमच्यासाठी काही आहे.

"शेवटचं शेवटी," गोदाबाई म्हणाल्या. "अक्षता पडल्या नाई, अन् शेवट पाहू का? लगन असं पाहतेत?"

महागूंनी पुन्हा विनवलं. त्या ऐकेनात. पंगतीत मधूनच उठून गोड खाऊन यावं तसं त्यांना ते वाटत होतं. सांगून टाकावं का, असं महागूंच्या ओठांवर आलं. पण त्यांनी हौ म्हटलं होतं. शिवाय त्यांच्या तोंडून ऐकलं तर गोदाबाई हसून सोडून देतील, हेही त्यांना माहीत होतं. परक्या माणसानं केलेली समजूत आणि पोरीनं उन्हात उभं राहून मागितलेली गोष्ट, यांचं वजन एक नसतं.

एकच वाट होती. कार्ड निजवायचं, उजेड उतरवायचा, हलकी प्रत लावायची. पण कार्ड निजवायला मशीन बंद करून पुन्हा सुरू करावी लागणार, आणि एवढ्याशा बॅटरीवर ती पुन्हा उठेल का, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. महागूंनी हात कपाळाला लावला. मग बटन दाबलं.

पडदा काळा झाला. पंखा थांबला, आणि अंगणात एकदम चुलीवरच्या भाताचा खदखद आवाज ऐकू यायला लागला. काळ्या काचेत दोन तोंडं दिसत होती, एक गोदाबाईंचं आणि एक त्यांचं स्वतःचं. हा म्हातारा कोण, असं क्षणभर महागूंना वाटलं. दोघंही त्या काचेकडं बघत राहिले. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसे ते बसले होते.

मग काचेत एक फिका उजेड उमलला.

महागूंनी टिकलीवर बोट ठेवलं आणि उजेड उतरवत नेला, उतरवत नेला. पंखा गप्प होता. पण त्या उन्हात आता काहीच दिसत नव्हतं. पडद्यावर नुसतं आभाळ आणि मांडवाचे बांबू.

"आत या," गोदाबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. धानाच्या कोठ्या, कोपऱ्यात देव, आणि जमिनीवर अंथरलेली एक चटई. सून येईल तेव्हा स्वतःसाठी म्हणून गोदाबाईंनी ती सकाळीच टाकून ठेवली होती. महागू उंबऱ्यावर थबकले. घरातल्या बाईच्या त्या खोलीत परका पुरुष जात नाही. गोदाबाईंनी मागं वळून पाहिलं.

"महागूभाऊ, माह्या पोराचं लगन तुम्ही पाह्यलं. मी नाई पाह्यलं. या."

ते आत जाऊन चटईच्या टोकाला बसले. त्या अंधारात तेवढा मंद उजेड पुरेसा होता, उलट जास्तच गोड होता. निरांजनाजवळ बसल्यासारखा. हलकी प्रत लागली. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. अपेक्षानं हार घालायला टाचा उंचावल्या आणि रजतनं मान खाली केली तेव्हा गोदाबाई स्वतःशीच म्हणाल्या, ऐकते बापा हा, बायकोचं ऐकते. आता त्या काही मागं न्यायला लावत नव्हत्या. आकडा त्यांना वाचता येत नव्हता, पण मशीनजवळ किती राहिलं आहे ते त्यांना महागूंच्या बसण्यावरून कळत होतं. दारात गीता येऊन उभी राहिली, हात पिठानं भरलेले. तीही तिथूनच बघायला लागली.

अपेक्षा जेवताना दिसली. मोठा घास घेते म्हणून गोदाबाईंना बरं वाटलं. मग पडदा थोडा अंधारला, मांडवाची कड आली, आणि पोरगी सरळ त्यांच्याकडं बघायला लागली.

"आई," ती म्हणाली, "मी दारात थांबीन. तुम्ही ओवाळाल तवाच आत येईन. घाई नाई तुम्हाले. उन्हात उभं राहाची सवय आहे मले."

एवढंच. पुढं ती लाजून हसली आणि फिल्म संपली.

महागूंनी तोंड कोठीकडं केलं, कारण अशा वेळी समोर बघणं त्यांना कधीच बरोबर वाटलं नव्हतं. मग गोदाबाई म्हणाल्या, पुन्हा लावा. त्यांनी लावलं. पोरगी पुन्हा पडद्यावर आली, मान वर केली, आई म्हणाली, आणि मशीन विझली.

खोली पुरती काळोखी झाली. बाहेर, दूर, गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"घाई नाई म्हणते," गोदाबाई अंधारातच बोलल्या. आवाज ओला होता. "ऊन काय तिच्या बापाचं आहे का. भोवळ येईन तिले."

त्यांनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसल्या. लुगड्याचा पदर ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मला हे जमायचं नाही, असं त्या गीताला सांगत होत्या की स्वतःला, ते कळत नव्हतं. लोक काय म्हणतील हे त्या म्हणाल्या नाहीत. गीतानं हात धुतले आणि ती ताट तयार करायला गेली.

वरात आली. बँडवाल्यांचा शेवटचा जोर, पोरांची पळापळ, मांडवात धुरळा. महागू विझलेला लॅपटॉप छातीशी धरून ओसरीच्या आतल्या बाजूला उभे होते. दाराबाहेर उन्हात रजत आणि अपेक्षा उभे राहिले, पुढ्यात तांदळाचं माप. त्यांच्या मागं कॅमेरा घेतलेली समीक्षा. तिनं भिंगावरून डोळा काढून बापाकडं पाहिलं. पोचलं का, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. महागूंनी मान हलवली.

गीता ताट घेऊन दारात आली. अपेक्षानं तिला वाकून नमस्कार केला, आणि पुन्हा सरळ उभी राहिली. पाऊल उचललं नाही. एक म्हातारी म्हणाली, टाक ना पाय. अपेक्षा हसली, कपाळावरचा घाम पुसला, आणि तशीच उभी राहिली. रजतच्या लक्षात आलं, आणि तो खाली मापाकडं बघायला लागला.

आतल्या खोलीच्या दाराशी लुगड्याची सळसळ झाली. गोदाबाई आल्या. भिंतीला धरून, अर्ध्या ओसरीपर्यंत. तिथं त्यांचे पाय थांबले. कुणाकडं न बघता त्या बाहेरच्या उन्हाकडं बघत होत्या.

गीता मागं वळली. "जाऊबाई, धरा जरा," ती म्हणाली. "माह्या हाताले कळ लागली."

ताट हलकं होतं, पितळेचं, त्यात कुंकू, अक्षता आणि एक दिवा. गोदाबाईंनी ते घेतलं. दिवा वाऱ्यानं वाकला, तो त्यांनी पदरानं आडोसा करून सरळ केला. मग त्या दारापर्यंत गेल्या, आधी सुनेच्या तोंडाकडं नीट पाहिलं, ओळखीच्या माणसाकडं बघतात तसं, आणि ओवाळलं. बोट कुंकवाजवळ जाऊन अडलं. अपेक्षानं मान पुढं केली.

समीक्षा बाहेरून सगळं घेत होती. चौकटीत दार होतं, दिवा होता, गोदाबाईंची पाठ आणि नवरीचा चेहरा होता, आणि त्या सगळ्यांच्या मागं, ओसरीत, एक माणूस उभा होता. छातीशी लॅपटॉप, डोळे भरलेले. तिनं डावा हात उचलून त्यांना बाजूला व्हायची खूण केली, जशी ते आयुष्यभर दुसऱ्यांना करत आले होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

तिनं हात खाली घेतला, आणि कॅमेरा तसाच चालू ठेवला.